ओल्या बंडीतली वर्षं

माझ्या अंगाला घाम येत नाही. जन्मापासून कधी आलाच नाही. डोक्यावरचे केस विरळ, पिवळसर, तान्ह्या पोराच्या जावळासारखे. तोंडात सगळे मिळून पाच दात, तेही टोकदार. कातडी पातळ आणि कोरडी, डोळ्यांभोवती काळपट सुरकुत्या. आठव्या वर्षी मी साठीचा म्हातारा दिसायचो. आता खरोखरच म्हातारा झालोय, त्यामुळे लोक पूर्वीसारखे वळून बघत नाहीत.

माझ्या दिसण्याचा त्रास दुसऱ्यांनाच जास्त व्हायचा. माझा त्रास वेगळा होता. ऊन लागलं की माणसाला घाम फुटतो आणि त्याने अंग निवतं. माझं अंग निवायचंच नाही. सावलीत, वाऱ्यावर मी चारचौघांसारखा असायचो. पण उन्हात अर्धा तास गेला की कानशिलं ठणकायला लागायची, डोळ्यांसमोर पिवळं दिसायचं आणि ताप भराभर चढायचा. अंगावर पाणी पडलं की उतरायचा. माझं सगळं आयुष्य या एवढ्या गोष्टीभोवती आखलं गेलं.

दिवेआगरला आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी होती. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, आणि रहाटाचं पाणी पाटातून झाडाझाडाच्या बुंध्याशी फिरायचं. घरात आई, वडील, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली माझी आत्या आणि मी. पुढे माझ्या पाठीवर दोन बहिणी झाल्या, दोघी धडधाकट.

मी सात-आठ महिन्यांचा असताना माझा पहिला वैशाख आला आणि मला ताप भरला. आत्याने तापाच्या पोराला जे करायचं ते सगळं केलं. खिडकी लावली, धुरी दिली, मला दोन गोधड्यांत गुंडाळलं. ताप वाढतच गेला. डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा आई उठली, मला गोधडीतून काढलं आणि वाडीत नेऊन पाटाच्या वाहत्या पाण्यात निजवलं. डोक्याखाली स्वतःचा हात ठेवला. आत्या मागून धावत आली.

"पोर मारतेस काय गं? तापाच्या अंगावर पाणी?"

आईने मला उचललं नाही. दिवे लागायच्या वेळेला माझा ताप उतरला आणि मी दूध प्यायलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत चढला, तिने परत तेच केलं. चौथ्या दिवसापासून आत्याने भांडणं सोडलं, पण गावात मात्र सांगत सुटली की आमच्या वहिनीचं डोकं फिरलंय, ती पोराला माशासारखं पाण्यात ठेवते. आईला हे कशावरून सुचलं, ते तिने तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. वडिलांनाही नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी सहा वर्षांचा होतो. आई मला शाळेत घालायला घेऊन गेली. गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाटी-पेन्सिल घेतलेला माझा हात न धरता म्हणाले, "वहिनी, ह्याला घरीच ठेवा. बाकीच्या पोरांना लागण झाली तर मी कुणाला काय उत्तर देऊ?"

"गुरुजी, माझ्या घरात दोन पोरी हायत," आई म्हणाली. "ह्याच्या ताटात जेवतात, ह्याच्या शेजारी निजतात. त्यांना न्हाय लागलं."

"ते खरं असेल. पण उन्हाळ्यात वर्गात ताप चढला तर? मी चाळीस पोरं सांभाळू का ह्याला?"

आई माझा हात धरून मागे फिरली. गुरुजी वाईट नव्हते, घाबरलेले होते. पण त्या दिवशी मी घरी परत आलो तो दोन वर्षं घरीच राहिलो. वडील जेमतेम चौथी शिकलेले. रहाट थांबला की ते पाटाच्या काठच्या चिखलात काडीने अक्षर काढायचे आणि मी त्याच्याखाली तसंच काढायचो. बाराखडी मी अशी शिकलो. पाणी सुटलं की धडा वाहून जायचा.

मी आठ वर्षांचा असताना, चैत्र संपता संपता, आमच्या दाराशी कापडाचं गाठोडं घेतलेला एक माणूस आला. फाळणीनंतर सिंधमधून निघालेले हजारो लोक कल्याणजवळच्या छावणीत येऊन राहिले होते. त्यांतलाच हा, पन्नाशीचा. लाँचने दिघीला उतरायचा आणि गावोगाव पायी फिरून छिटं विकायचा. आई दारात कापड बघत होती, वडील नुकतेच वाडीतून आले होते. मी ओला पंचा गुंडाळून ओटीवर बसलो होतो.

त्या माणसाचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि कापड दाखवता दाखवता तो थांबला. जवळ आला. लोक माझ्यापासून लांब सरकायचे, हा चक्क खाली बसला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि आईला म्हणाला, "माई, इसको पसीना नहीं आता ना?"

आई त्याच्याकडे बघतच राहिली. तोवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, कुणाची नजर लागली, गरोदरपणी ग्रहण पाळलं नव्हतं काय, देवाचं काही राहिलंय काय. घामाबद्दल कुणीच नाही.

त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीतून जे कळलं ते असं. त्याच्या शहरात असं एक अख्खं कुटुंब होतं. त्यातल्या काही पुरुषांना दात नव्हते, केस नव्हते, घाम नव्हता. एकाचं दुकान याच्या दुकानासमोरच होतं. तो म्हातारा उन्हाळाभर ओला सदरा घालून गादीवर बसायचा, शेजारी पाण्याची घागर.

"म्हातारा?" आईने विचारलं. "म्हणजे जगला तो?"

"सत्तर के ऊपर," तो म्हणाला. "पोते देखे उसने. दाँत एक नहीं, मगर ज़बान सबसे तेज़."

आई ओटीवर बसली. मी मोठा होईन, हे तिला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं.

मग तो सहज बोलल्यासारखं पुढचं बोलला. आमच्याकडचे जाणते सांगायचे, हे पुरुषांना होतं पण येतं आईच्या घरातून. एवढं बोलून त्याने गाठोडं बांधलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. परत कधी आमच्या गावात आला नाही.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर वडिलांनी आईला विचारलं, "तो म्हणाला ते खरं काय?"

आई भांडी आवरत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "खरं हाय. माझे दोन भाऊ होते. दोघंबी असेच. एक वर्साचा होऊन गेला, दुसरा तीन महिन्यांचा. दोघंबी वैशाखात. माझ्या आयेने दोघांना गोधडीत घातलं होतं."

आत्या दारात उभी होती. ती काही बोलणार तेवढ्यात वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, ती थांबली.

आई पुढे म्हणाली, "माझ्या पाठीवर एक पट्टा हाय, हातभर. तिथं मला घाम येत न्हाय. बाकी अंग भिजतं, तेवढाच पट्टा तव्यासारखा तापतो. तिथं ओला पदर ठेवला की बरं वाटतं. ह्याला ताप आला तेव्हा मला वाटलं, माझा जसा पट्टा तसं ह्याचं सगळं अंग असंल."

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. आता वडील काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. त्या काळी अशा कारणावरून बायकांना माहेरी पाठवत. वडील एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतंस," आणि उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुदळ घेऊन वाडीत गेले. जिथे सुपारीच्या दोन झाडांची सावली दिवसभर राहते तिथे त्यांनी पाट रुंद केला, मांडीएवढा खोल खड्डा खणला, कडेने जांभ्याचे चिरे लावले. दुपारपर्यंत काम चाललं. मग पाणी सोडलं आणि मला म्हणाले, "ही तुझी जागा. कुणाला न विचारता येऊन बसायचं."

जूनमध्ये ते स्वतः मला शाळेत घेऊन गेले. दुसऱ्या हातात मातीचं मोठं मडकं होतं. आई बोलायची तेव्हा विनवणीचा सूर असायचा. वडिलांनी सूर लावलाच नाही.

"गुरुजी, हे मडकं दाराशी ठेवतो. रोज सकाळी मी येऊन भरीन. ह्याला दाराजवळ बसवा. अंग तापलं की तो उठेल, पाणी घेईल, परत बसेल. त्यानं तुम्हाला विचारायचं न्हाय, तुम्ही त्याला थांबवायचं न्हाय. एक म्हयना बघा. न्हाय जमलं तर मी घेऊन जाईन."

गुरुजींनी महिनाभर बघायचं कबूल केलं. पावसाळ्याचा महिना तो, मडक्याची गरजच फारशी पडली नाही. तो महिना संपला तेव्हा ना त्यांनी विषय काढला ना वडिलांनी. मडकं राहिलं आणि मीही राहिलो.

पोरं मला बोळका म्हणायची. माझं बोलणंही दातांअभावी फसफसायचं. 'स' आणि 'श' माझ्या तोंडातून हवेसारखे निघून जायचे. एकदा एकाने मडक्यात मूठभर वाळू टाकली. मी ते पाणी तसंच अंगावर घेतलं आणि जागेवर जाऊन बसलो. वाळूच्या पाण्यानेही अंग थंड होतंच. त्याची मजा गेली असावी, परत कुणी टाकली नाही.

चौथीत असताना एक गोष्ट घडली. शाळा तपासायला वरचे साहेब येणार होते. त्या सकाळी दाराशी नको दिसायला म्हणून मडकं मागे नेऊन ठेवलं गेलं. साहेबांची गाडी उशिरा आली. आम्ही पोरं मैदानात रांगेत उभी, डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन. मला कळत होतं की आता जायला हवं. मडकं कुठे ठेवलंय तेही माहीत होतं. पण सगळी रांग उभी होती आणि त्या दिवशी मला रांगेतून बाहेर पडायचं नव्हतं. कानशिलं ठणकली, मग हातपाय माझे नसल्यासारखे झाले. नंतरचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा मी वाडीतल्या खड्ड्यात होतो. आई काठावर बसून डोक्यावर पाणी ओतत होती. वर झावळ्या दिसत होत्या. मला वाटलं ती गुरुजींना बोल लावेल. ती माझ्यावरच रागावली होती.

"का उभा राह्यलास?"

"सगळे उभे होते."

"सगळ्यांना घाम येतो. तुला न्हाय. हे तुला ठावं हाय न्हवं?" ती पाणी ओततच होती. "तुला लाज वाटली. लाजेपायी मरायला निघाला होतास. मी किती दिस तुझ्या मागं तांब्या घेऊन फिरू? मी काय जन्माला पुरणार हाय?"

मी रडायला लागलो. तिने रडू दिलं. मग माझा हात उचलून माझ्याच मानेमागे ठेवला.

"इथं बघ. पयलं इथं तापतं. मग कानशिलं. मग जीभ जड होते. जीभ जड झाली की उशीर झाला. मान तापली की उठायचं. देव समोर असला तरी उठायचं."

त्या दिवसानंतर तिने मला कधी पाणी आणून दिलं नाही. कितीतरी वेळा मी बघायचो, ती लांबून माझ्याकडे बघतेय, हात कामात थांबलेत, पण ती उठायची नाही. मी उठायचो. हे तिला माझ्यापेक्षा जास्त जड गेलं असणार, पण तिने निभावलं.

पाचवीपासून हायस्कूल बोर्ली पंचतनला. तिथे रोज चालत जायचं. सकाळी जाताना काही वाटायचं नाही, परतताना दुपारचं ऊन असायचं. आईने मला जाड मांजरपाटाची बिनबाह्यांची बंडी शिवून दिली. ती पाण्यात बुडवून, अर्धवट पिळून अंगात घालायची. वाऱ्यावर चाललं की अंग थंड राहतं. पण मार्च-एप्रिलमध्ये अर्ध्या वाटेतच ती वाळायची. म्हणून मी वाटेवरच्या विहिरी हेरल्या. कुणाच्या वाडीची, कुठे पोहरा बाहेर असतो, कुठे कुत्रा आहे, सगळं पाठ केलं. बोर्लीच्या अलीकडे मुसलमानांची घरं होती. तिथल्या एका आजींनी मला एकदा कुंपणाबाहेर घुटमळताना पाहिलं.

"काय पायजे रे बाला?"

"पाणी, अंगावर घ्यायला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी प्रश्नांची वाट बघत होतो.

"मंग बाहेर कशाला उभा? ये आत. दोन घागरी वत चांगल्या."

पुढची सात वर्षं उन्हाळ्याच्या दिवसांत त्यांच्या विहिरीच्या कट्ट्यावर एक भरलेली घागर असायची. त्यांनी मला माझं नाव विचारलं, कितवीत आहे विचारलं, आई काय करते विचारलं. कातडीबद्दल कधीच विचारलं नाही. मॅट्रिकच्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी दुआ मागितल्याचं त्यांच्या सुनेने सांगितलं.

मॅट्रिकची परीक्षा मार्चात, दुपारच्या वेळेलाही पेपर, आणि केंद्र अलिबागला. मला अभ्यासाची काळजी नव्हती, शाईची होती. ओल्या बंडीचं पाणी दंडावरून कोपरावर आणि कोपरावरून कागदावर उतरायचं. वर्गात पेन्सिल चालायची, परीक्षेत टाक-दौतच. आदल्या दिवाळीपासून मी घरी सराव सुरू केला. बंडी किती पिळली म्हणजे ठिबकत नाही आणि तरी पाऊण तास ओली राहते. दंडाला कोरडं फडकं कुठे बांधलं म्हणजे पाणी तिथेच अडतं. कोपर टेकवायचं नाही, मनगटावर हात तोलायचा. पहिले दोन महिने मी शेकड्यांनी कागद बिघडवले. वडील बोर्लीच्या बाजारातून सामान बांधून आलेले कागद सपाट करून ठेवायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायचो. माघ संपेपर्यंत तीन तास लिहूनही एक डाग पडेनासा झाला.

आमच्या हेडमास्तरांनी पत्र दिलं होतं, की या विद्यार्थ्याला अमुक विकार आहे, त्याला अधूनमधून अंगावर पाणी घेऊ द्यावं. दिघीहून होडीने खाडी ओलांडून, पुढे मुरूडवरून एस.टी.ने वडील आणि मी अलिबागला गेलो. पहिले तीन पेपर सुरळीत झाले. केंद्रावरच्या पर्यवेक्षकांनी पत्र वाचलं आणि दाराबाहेरच्या नळावर जाऊ दिलं.

गणिताच्या पेपराला नवे पर्यवेक्षक होते. दुपारची वेळ, खोलीला पश्चिमेच्या खिडक्या, वर पत्रा. तासाभराने मी मान चाचपली, उठलो आणि पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं.

"असला रोग मी ऐकला नाही. बाहेर जायचं नाही. गणिताच्याच पेपराला बरा ताप येतो."

"सर, मागच्या तिन्ही पेपरांना गेलो होतो."

"ते मला माहीत नाही. बस खाली."

मी बसलो. दोन उदाहरणं सोडवली. तिसऱ्यात आकडे हलायला लागले. सगळी खोली लिहीत होती, सगळे रांगेत, आणि मीही तसाच बसून राहिलो असतो. पण माझा हात मानेमागे होता आणि मान तव्यासारखी झाली होती. मी उठून उभा राहिलो.

"बस म्हटलं ना," ते म्हणाले.

"सर, मी बसणार नाही. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून बघा. ताप नसेल तर माझा पेपर काढून घ्या."

मुलं माना वळवून बघायला लागली. पर्यवेक्षक जवळ आले, पण हात पुढे करेनात. ती भीती मला लहानपणापासून ओळखीची होती.

"लागत नाही सर," मी म्हणालो. "एकोणीस वर्षं झाली, माझ्या घरात कुणाला लागलेलं नाही. पण मी आता पडलो तर माझ्याच्याने उठवणार नाही." माझी जीभ जड होत होती, शब्द नीट निघाले की नाही कुणास ठाऊक.

त्यांनी दोन बोटं माझ्या कपाळावर टेकवली आणि विस्तवाला लागल्यासारखी मागे घेतली. मग ते जे धावले ते कुणाला न सांगता स्वतःच धावले. नळाखालची बादली घेऊन आले आणि दाराबाहेर मला उभं करून माझ्या डोक्यावर ओतली. दुसरी आणली. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता पाच मिनिटं लागतील."

ते पाच मिनिटं माझ्याजवळ उभे राहिले. आत गेल्यावर माझ्या बाकाजवळची खिडकी त्यांनी स्वतः उघडली आणि उरलेला वेळ बादली दारातच ठेवली. पेपर संपल्यावर मला म्हणाले, "तुझी वीसेक मिनिटं माझ्यामुळे गेली. ती मला परत देता येणार नाहीत." त्यांनी माफी मागितली नाही, पण हे म्हणाले, आणि मला ते पुरलं.

दोन उदाहरणं राहून गेली. गणितात मी काठावर पास झालो. बाकी विषयांत चांगले गुण पडले. निकाल कळला त्या दिवशी वडिलांनी रहाट लवकर सोडला. आमच्या घराण्यातला मी पहिला मॅट्रिक.

नोकरीसाठी तीन-चार ठिकाणी गेलो. मुलाखत घेणारे माझ्या अर्जापेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त बघायचे. एका कचेरीत मला सांगितलं की लोकांसमोर बसायचं काम आहे, तुम्हाला नाही जमणार. मी म्हणालो, मला जमेल, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. नोकरी अर्थातच मिळाली नाही. शेवटी दिघीच्या धक्क्यावर लाँचच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. तिथल्या मालकाला कुणीतरी असं हवं होतं जे दिवसभर खाडीच्या काठी बसायला कंटाळणार नाही. तिकिटाच्या खिडकीमागे खाडीचा वारा सरळ अंगावर यायचा. खुर्चीशेजारी माझी घागर. नवे उतारू दचकायचे, रोजचे लोक सवयीचे झाले. कोळणी पाट्या उतरवताना माझी थट्टा करायच्या, "काय रं भाऊ, आंघोळ झाली काय कचेरीत?" मी म्हणायचो, तिसरी झाली.

पुढे लग्नाचं बघायला लागले. आत्याचं म्हणणं, आधी काही बोलू नये, एकदा अक्षता पडल्या की सगळं निभतं. आईने तिला पहिल्यांदाच स्पष्ट सुनावलं, "मी सांगितलं न्हवतं. आठ वर्सं माझ्या जिवाला घोर होता. ह्या घरात परत तसं व्हायाचं न्हाय."

दोन ठिकाणी मी सगळं सांगितलं आणि दोन्ही ठिकाणांहून नकार आला. तिसरी मुलगी म्हसळ्याकडची, सातवी शिकलेली. तिच्या वडिलांना मी विनंती केली की मला तिच्याशीच बोलू द्या. ती पडवीत येऊन बसली. मी एका दमात सांगून टाकलं. घाम, दात, ऊन, आईचे भाऊ, त्या कापडवाल्याने सांगितलेलं सगळं. तिने मान खाली घालून ऐकलं, मग वर पाहिलं.

"पोरांना होईल?"

"मला नक्की माहीत नाही. तो माणूस म्हणाला होता, आईकडून येतं. म्हणजे माझ्यापासून मुलाला होऊ नये. पण तो डॉक्टर नव्हता."

"झालं तर?"

"झालं तर त्याला कसं वाढवायचं हे माझ्या आईला माहीत आहे. मलाही."

 "बघायला आलेले आतापर्यंतचे सगळे आमचं काय ते विचारत होते," ती म्हणाली. "स्वतःचं सांगणारे तुम्हीच." तिचा होकार दोन दिवसांनी आला. ते दोन दिवस मी धक्क्यावर कितीतरी तिकिटं चुकीची फाडली.

पहिला मुलगा झाला तो मार्गशीर्षात. थंडीत काहीच कळेना. आई रोज त्याचं अंग चाचपायची. फाल्गुनात एका दुपारी बायको त्याला पाजत होती आणि आईने मला आतून हाक मारली. मी गेलो तर ती वाकून बाळाच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याच्या वरच्या ओठावर आणि नाकाच्या शेंड्यावर बारीक बारीक थेंब उभे होते. आईने एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि म्हणाली, "खारट हाय." मग पदर तोंडाला लावून ती बाहेर गेली. मी मुलाशेजारी बसून तो घाम बघत राहिलो. इतक्या जवळून मी तो कधी बघितला नव्हता.

दोन वर्षांनी मुलगी झाली. तिचे केस विरळ होते, दात उशिरा आले आणि समोरचे दोन आलेच नाहीत. पण घाम यायचा. तिला घेऊन आम्ही मुंबईला एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या कातडीच्या डॉक्टरांनी माझा हात धरून नीट तपासलं, मुलीला तपासलं, घराण्याची माहिती विचारून कागदावर बायकांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढले. त्यांनी सांगितलं की कापडवाला बरोबर होता. हे माझ्या मुलाला होणार नव्हतं, पण माझ्या प्रत्येक मुलीकडे ते जाणारच होतं. तिला त्रास थोडा, पण तिच्या मुलांपैकी एखाद्याला माझ्यासारखं होऊ शकतं.

"औषध?" बायकोने विचारलं.

"औषध नाही. हे करतात तेच." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. "पाणी आणि सावली. ह्यांच्या आईंना हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती सुपाऱ्या सोलत होती. ऐकून झाल्यावर तिने नातीला मांडीवर घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुठे कोरडं लागतं का ते बघितलं. डाव्या खांद्याखाली तिला एक लहान पट्टा सापडला. तिने माझ्या बायकोचा हात धरून तिथे ठेवला.

"इथं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात इथं ओलं फडकं ठेवायचं. आणि हिला समजायला लागलं की कशासाठी ते सांगायचं. मोठी होईतो थांबायचं न्हाय."

बायको म्हणाली, "सांगीन. ती विचारायच्या आधीच सांगीन."

मुलगी चार वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात बायकोने तिला सांगितलं. मी कामावरून आलो तेव्हा मायलेकी ओटीवर बसल्या होत्या. मुलगी आईचा हात स्वतःच्या पाठीवर ठेवून तो पट्टा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते तिला दाखवत होती.